गाडी पाणी पीत नसते

आमच्या कॉलनीत सिस्टरांबद्दल दोन मतं होती. काहींच्या मते त्या भांडखोर होत्या आणि उरलेल्यांच्या मते सनकी. अमरावतीत नोकरीला असेपर्यंत मी त्यांच्याच घराच्या वरच्या खोल्यांत भाड्याने राहिले, तेव्हा मला विचाराल तर दोन्ही मतं बरोबर आहेत. फक्त ती सांगताना लोक जे तोंड करतात, ते मला खपत नाही. सिस्टर ज्या गोष्टीसाठी भांडल्या, ती आपल्यापैकी निम्म्या लोकांनी न भांडताच सोडून दिलेली असते.

सिस्टर म्हणजे नर्स. अख्खी नोकरी मेळघाटातल्या सरकारी दवाखान्यांत झालेली, बरीचशी धारणीच्या आसपास. लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "टाइमच नाई भेटला. लोकायचे बाळंतपणं करून राह्यली होती ना मी." निवृत्तीनंतर पांढरी साडी सुटली, पण वॉर्डातला आवाज सुटला नाही. मी सांगलीकडची, कॉलेजात मराठी शिकवणारी. राहायला आले त्याच्या दुसऱ्या सकाळी जिन्याखालून हाक आली, "ओ मॅडम! नळ आला. झोपून राह्यल्या तं दिवसभर बसा मंग कोरड्याच!" मला वाटलं, बाई चिडल्या. ते त्यांचं लाडाचं बोलणं होतं, हे कळायला मला एक उन्हाळा जावा लागला.

त्यांच्यापुढे एक शब्द काढायची सोय नव्हती, तो म्हणजे वय. कुणी "आता वयानं होतंच" असं म्हणालं की सिस्टर हातातलं काम खाली ठेवायच्या. "वय हे कारण नाई. वय म्हंजे कॅलेंडर. कारण सांग." समोरच्या घरातले आजोबा सारखे चक्कर येऊन बसायचे. घरच्यांनी वयाचा शिक्का मारून त्यांना खाटेवर टाकलं होतं. सिस्टर तिथं जाऊन नुसत्या बसल्या, चहा प्यायल्या, दुपारचं जेवण होईपर्यंत उठल्याच नाहीत. मग कळलं की रक्तदाबाची गोळी सकाळी सून देते आणि सुनेने दिली की नाही याचा भरवसा नाही म्हणून आजीही देते. सासू-सुनेचा अबोला आजोबांच्या पोटात जात होता. सिस्टरांनी दोघींना ओसरीवर उभं करून जे सुनावलं, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. आजोबा आठवड्यात भाजी आणायला जाऊ लागले आणि त्या घराने सिस्टरांशी बोलणं टाकलं. सिस्टरांना त्याचं काही वाटलं नाही. "पेशंट सुधारला ना? मंग बोंबलू दे."

आता गाडीकडे येते, कारण सिस्टर म्हटलं की मला आधी ती गाडी दिसते. लहानशी, पेट्रोलवरची, रंग एके काळी मोतिया असावा. दवाखान्याच्या जीपवर धारणीच्या रस्त्यांत शिकलेल्या म्हणून शहरातही अशा चालवायच्या, की पुढच्या वळणावर नाला भरून वाहत असेल. गतिरोधक आला की आधी गिअर बदलायचा, मग तो बांधणाऱ्याचा उद्धार. ही गाडी आठवड्यातून एकदा, रविवारी, अकोल्याला जायची. तिथं जठारपेठेत त्यांची थोरली बहीण होती. जन्मभर शाळामास्तरीण. तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. मुलगा-सून चांगले होते, बाईही ठेवलेली होती. पण सिस्टर जाऊन तिचे केस विंचरायच्या, नखं काढायच्या, तिला पेपर वाचून दाखवायच्या आणि प्रत्येक बातमीवर स्वतःच भांडायच्या. ताई डोळ्यांनी साथ द्यायच्या. तेवढा एक दिवस त्या घरात कुणी ताईंशी आजारी माणसाशी बोलतात तसं बोलायचं नाही.

एसटीने जायला सिस्टरांची ना नव्हती, पण कमरेच्या ऑपरेशननंतर एसटीची पायरी त्यांना चढवत नसे. गाडी होती म्हणून ताई होत्या, असा सरळ हिशेब होता.

आणि नेमकी ती गाडी तापायला लागली.

सुरुवात उन्हाळ्यात झाली, तेव्हा सगळ्यांनी उन्हावर ढकललं. वऱ्हाडातलं ऊन ढकलायला बरंच असतं. पण दिवाळी उलटून गेली तरी दर्यापूर सोडलं की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायचा. इंजिनाजवळची पाण्याची बाटली सकाळी भरून निघालो तरी अकोल्यापर्यंत कोरडी. खाली वाकून पाहावं तर जमिनीवर एक थेंब नाही. मी बऱ्याच रविवारी सोबत जायचे, त्यामुळे हे नाटक मी पहिल्या रांगेतून पाहिलं आहे. काटा लाल रेघेला टेकला की सिस्टर गाडी लिंबाखाली घ्यायच्या, बॉनेट उघडायच्या आणि हाताची मागची बाजू इंजिनाच्या जवळ नेऊन ताप पाहायच्या. मी एकदा फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला गेले, तर माझ्या हातावर फटका बसला. "उकळता पेशंट आहे तो! आंगावर येईन सारं. थांबाचं. थंडा होऊ द्याचा." मग डबा उघडून आम्ही रस्त्याच्या कडेला भाकरी आणि ठेचा खायचो, आणि गाडी निवली की जवळच्या गावातून कुणीतरी आणून दिलेलं पाणी तिच्यात ओतून निघायचो.

त्यांच्या मिस्त्रीचं गॅरेज बडनेरा रोडला होतं. माणूस हाताने चांगला, पण बोलायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं. गाडी तपासून, हात पुसत तो म्हणाला, "सिस्टर, गाडी म्हतारी झाली. पानी पेऊन राह्यली."

गॅरेजात चार लोक उभे होते. सिस्टर म्हणाल्या, "पेऊन राह्यली? बरं. तं मुतते कुठी ते दाखव मले."

मी मराठीची प्राध्यापिका. माझं काय झालं असेल ते तुम्हीच ताडा.

"गाडी पानी पेत नसते," सिस्टर म्हणाल्या. "मानूस पेते, ढोर पेते. गाडीतलं पानी गोल फिरते आनि तिथंच राह्यते. कमी झालं म्हंजे कुठून तरी गेलं. बाहेर गेलं का आत गेलं, तेवढं सांग. पेते म्हनू नको. पेते म्हटलं का तुयं काम संपते, माह्यं नाई संपत."

मी भाषा शिकवते, पण एखाद्या शब्दामागे लपून माणसं काम कसं टाळतात, हे मला त्या दिवशी गॅरेजात समजलं.

मिस्त्रीने उपाय केले, नाही असं नाही. वऱ्हाडातले सगळे मिस्त्री करतात तो पहिला उपाय म्हणजे थर्मोस्टॅटचा वॉल, म्हणजे इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, काढून फेकायचा. "थंड्या मुलखाचं कौतिक आहे ते, आपल्या इकडं काय कामाचं?" दुसरा उपाय, पंखा डायरेक्ट करायचा, म्हणजे चावी फिरवली की तो बंद करेपर्यंत भणभणत राहणार. मग झाकण बदललं, रबरी पाइप बदलले. प्रत्येक वेळी एक रविवार बरा जायचा आणि पुढच्या रविवारी आम्ही परत लिंबाखाली.

इथं सिस्टर स्वतःही चुकल्या, हे लिहिलं पाहिजे, नाहीतर कॉलनीवाले म्हणतील मी त्यांची आरती ओवाळते आहे. बाहेर थेंब दिसत नाही म्हणजे आतच जातंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. "आतला रक्तस्राव आहे हा," त्या मला खात्रीने म्हणाल्या, आणि मिस्त्री नको नको म्हणत असताना त्याच्याकडून इंजिनाचं डोकं उघडवून घेतलं. पाणी आत जाऊ न देणारं तिथलं गॅस्केट धडधाकट निघालं. मिस्त्रीला हसू आवरेना. दुसरं कुणी असतं तर खजील झालं असतं. सिस्टर म्हणाल्या, "मंग आत नाई. एक जागा कमी झाली पाहाची."

तेवढ्यात भाच्याने तोंड उघडलं. भाचा म्हणजे ताईंचा मुलगा, अकोल्यातच सरकारी नोकरीत, स्वभावाने काळजीवाहू. काळजी हे हत्यार आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण चालवायचा छान. "मावशी, रस्त्यात कधीतरी एकट्या अडकाल. या वयात कशाला हे? गाडी विकून टाका. आईला आम्ही बघतोच आहोत. महिन्यातून एकदा मी येऊन तुम्हाला घेऊन जात जाईन."

वय म्हणाला ना तो. सिस्टर अशा उसळल्या की त्या भरात जे बोलू नये ते बोलून गेल्या. "आनखी एक बार रस्त्यात बंद पडली ना बापू, तं तूच विकजो! मी चावी आनून देईन तुह्या हातात."

सिस्टर स्वतःच्या शब्दाला पक्क्या होत्या, हीच पंचाईत. आता गाडी एकदा थांबली की संपलं. मग ताईंचे केस महिन्यातून एकदा विंचरले जाणार, तेही भाच्याला सवड मिळाली तर. परतताना अमरावतीच्या अलीकडे त्यांनी डोळे पुसले आणि मी पाहिलं म्हणून माझ्यावरच ओरडल्या, "धूळ आहे. काच लावा तिकडची."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी उघडून बसल्या. मला कॉलेजला जायचं होतं, पण टॉर्च माझ्या हातात आला. त्यांच्या हातात एक लहान आरसा होता, वेणी घालताना मागे धरायचा. घसा तपासावा तसा तो आरसा त्या इंजिनाच्या मागे, खाली, जिथं माणसाचं डोकं जात नाही तिथं धरू लागल्या. "आ कर बाई, आ कर," असं गाडीला म्हणत होत्या. बराच वेळ काही नाही. मग थांबल्या. मागच्या अंगाला पाण्याचा लोखंडी पाइप होता, बरोबर सायलेन्सरच्या तापत्या नळीच्या वरून गेलेला. त्याच्या पोटाला पांढरी खपली धरलेली.

सिस्टरांनी बोट घालून ती खरवडली आणि मी अहो अहो म्हणेपर्यंत जिभेला लावली.

"खारट!" त्या थुंकल्या. आणि तिथंच अंगणात खाली बसल्या. मला वाटलं भोवळ आली. त्या हसत होत्या. हसता हसता कपाळावर हात मारत होत्या.

झालं होतं असं. दर्यापूरच्या पुढचा तो सगळा मुलूख खारपाणपट्ट्याचा. जमिनीखालचं पाणी खारट, इतकं की तिथल्या माणसांच्या किडन्या जातात. नर्स म्हणून सिस्टरांना हे माझ्यापेक्षा हजारपट माहीत. त्या स्वतः त्या पाण्याचा घोट घेत नसत, घरून बाटली नेत. पण वऱ्हाडात गाडीने वाफ सोडली आणि कुणी पाणी घेऊन धावलं नाही, असं होत नाही. त्या लिंबाजवळच्या गावातले एक म्हातारे बुवा तर आमची गाडी दिसली की ओट्यावरून उठायचेच. "या सिस्टर, तापली का आजबी?" म्हणत बोअरची कळशी आणायचे. गाडी थंड झाली की सिस्टर ते पाणी मानाने रेडिएटरमध्ये ओतायच्या. दर रविवारी. पहिल्यांदा गाडी उन्हानेच तापली असेल, पण पुढे त्या मिठाने आतून पाइप खाल्ला. तापल्यावर, दाब वाढल्यावर त्याला घाम फुटायचा, आणि थेंब जमिनीवर पडायच्या आधीच खालच्या नळीवर चर्रकन उडून जायचा. पाणी उडालं, मीठ मागे राहिलं, म्हणून तर जागा सापडली.

"जलमभर मानसायले सलाईन लावली," सिस्टर म्हणाल्या, "आनि आता पाहा, गाडीलेबी लावून बसली! जे मी पेत नाई, ते हिले पाजलं. आनि मंग म्हनते, कावून तापते?"

गॅरेजात त्या दिवशी युद्ध झालं. नुसता पाइप बदलून सिस्टर ऐकेनात. रेडिएटर धुवा, पंखा पहिल्यासारखा करा आणि तो काढलेला वॉल परत बसवा. मिस्त्री म्हणाला, "वॉल काहून पाह्यजे? वऱ्हाडात कोनी नाई लावत."

"वऱ्हाडात कोनी नाई लावत म्हनून वऱ्हाडातल्या साऱ्या गाड्या म्हताऱ्या होतात," सिस्टर म्हणाल्या. मिस्त्रीने बडबडत वॉल लावला. बाटलीत दुकानातलं हिरवं कूलंट भरलं, आणि सिस्टरांनी झाकणावर औषधाच्या बाटलीला लावतात तशी चिकटपट्टी लावून लिहिलं: "कोणीही पाणी देऊ नये."

पण त्या बुवांचं काय? गाडी तापत नाही म्हणून न थांबता पुढे जायचं, हे सिस्टरांना जमेना, आणि आणलेल्या पाण्याला नको म्हणणं तर त्याहून नाही. पुढच्या रविवारी त्या लिंबाखाली थांबल्या, कळशी घेतली, आणि त्या पाण्याने गाडीची काच धुतली, चाकं धुतली, उरलेलं लिंबाला घातलं. बुवा खूश. काचेवर अकोल्यापर्यंत पांढरे ओघळ होते.

जठारपेठेत पोचलो तेव्हा भाचा फाटकातच उभा होता. "झाली का गरम?" सिस्टर म्हणाल्या, "नाई झाली. आनि आता ताईले घेऊन जाते मी. सेमाडोहले."

झटका आल्यापासून ताई फाटकाच्या बाहेर पडल्या नव्हत्या. सिस्टर मेळघाटात असताना मात्र दर सुट्टीला ताई तिकडे यायच्या, दोघी बहिणी सेमाडोहच्या नदीवर जाऊन बसायच्या, हे मी शंभरदा ऐकलं होतं. डॉक्टरांनी गाडीतून नेऊन आणायला केव्हाच हरकत नाही म्हटलं होतं. हरकत घरात होती.

"मावशी, घाट आहे तो," भाचा म्हणाला. "आणि आईला जायचंच नाहीये. विचारलं मी परवा. फिरायला जायचं का म्हटलं तर नाई म्हणाली. स्पष्ट. आई नाई म्हणते म्हणजे नाई. तिच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, "अरे बापू, तिच्या तोंडातून दुसरा शब्द निघतेच कुठी? झटक्यानंतर तेवढा एकच राह्यला तिच्यापाशी. चा देऊ का म्हटलं तं नाई म्हनते आनि कप रिकामा करते. तुले दिसत नाई का?"

"ते मला माहीत नाही. ती नाई म्हणते."

सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाबतीत एकदाच पाहिलं. आत गेल्या, चाकाची खुर्ची ढकलत बाहेर आल्या आणि गाडीचं पुढचं दार उघडून खुर्ची त्याला लावली. "ताई, चालतं का?"

"नाई," ताई म्हणाल्या. आणि डाव्या हाताने दाराची चौकट अशी पकडली की बोटं पांढरी पडली. आम्ही दोघींनी त्यांना उचलून बसवलं. सिस्टर पट्टा लावायला वाकल्या, तर ताईंनी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः खटक्यापर्यंत आणला. भाचा म्हणाला, "संध्याकाळपर्यंत परत आणा मग. नक्की?" तोवर गाडी निघाली होती.

परतवाडा मागे पडला, घाट लागला. मी मागच्या सीटवरून एका काट्याकडे बघत होते. दुसऱ्या गिअरमध्ये चढ, वर तळपतं ऊन, पुढे लाकडांचा ट्रक. काटा मधोमध बसला आणि तिथून हलला नाही. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेही. सिस्टर म्हणाल्या, "कल्ला नका करू मॅडम, पेशंट चालून राह्यला." ताईंनी काच खाली केली होती आणि सागाचा वारा तोंडावर घेत होत्या.

घाटातल्या एका वळणावर फोन वाजला. भाचाच. सिस्टरांनी गाडी कडेला घेतली आणि स्पीकर लावला.

"मावशी, गाडी तापली ना? कुठे आहात? संध्याकाळपर्यंत येताय ना आईला घेऊन?"

"तिलेच विचारते," सिस्टर म्हणाल्या. फोन ताईंच्या तोंडाशी धरला. "ताई, पोरगा पुसून राह्यला. जाचं का संध्याकाळी वापस घरी?"

"नाई," ताई म्हणाल्या.

"ऐकलं का बापू?"

"मावशी, असं काय करता? ती सगळ्यालाच नाई म्हणते!"

"सकाळी तं तू म्हनत होता, स्पष्ट. आई नाई म्हनते म्हंजे नाई," सिस्टर म्हणाल्या. "आपन बाप्पा तिच्या मनाविरुद्ध काई करत नाई."

तिकडून तो काहीतरी बोलत होता. ताई अर्ध्या तोंडाने हसत होत्या. सिस्टरांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. पुढच्या वळणाला रेंज नव्हती.